पॉवर स्टिअरिंग जड झालं, पण रॅक वाचली : एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

सर्व्हिस सेंटरने हातात दिलेला अंदाजपत्रकाचा कागद अजून गाडीच्या कप्प्यात आहे. रॅक असेंब्ली (स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारी दातेरी पट्टी, तिच्या खोक्यासकट), पंप, दोन्ही होज म्हणजे तेलाच्या नळ्या, तेल, मजुरी आणि वर कर. गाडी 2009 ची डिझेल सेडान. आज विकायला काढली तर जे येतील त्याच्या जवळपास तिसरा हिस्सा त्या कागदावर मांडलेला होता. "साहेब, जुनी गाडी आहे, रॅक गेलीच असणार," असं काउंटरवरच्या मुलाने गाडीखाली न वाकता सांगितलं. तेवढ्यावरच मी चावी परत मागितली.

गाडीचं नाव देत नाही, कारण त्याने काही फरक पडत नाही. त्या काळातल्या हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या स्टिअरिंगच्या बहुतेक गाड्यांत मांडणी एकच : इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप, तेलाची टाकी, दोन होज, रॅकवरचा व्हॉल्व्ह. 1951 साली अमेरिकेत क्रायस्लर इम्पीरियलवर हे पहिल्यांदा विकत मिळू लागलं, तेव्हापासून त्यातली मूळ युक्ती बदललेली नाही. म्हणूनच कोल्हापूरच्या उद्यमनगरातला कुठलाही जाणता मिस्त्री ते उघडू शकतो, आणि म्हणूनच मला तीसेक हजार घालायची घाई नव्हती.

तक्रारी दोन होत्या. एक सगळ्यांना कळते ती : बिंदू चौकातल्या पार्किंगमध्ये गाडी लावताना दोन्ही हातांनी ओढायला लागायचं. दुसरी तक्रार मी सांगितली की समोरचा मान डोलावायचा आणि कागदावर लिहायचा नाही. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नव्हतं. डावीकडे वळलात की चाकं डावीकडेच राहायची, ओढून सरळ करावी लागायची. शहरात हे चालून जातं. दाजीपूर ओलांडून कोकणात जाणारा फोंडा घाट उतरताना प्रत्येक वळणाला दोनदा मेहनत, एकदा वळवायला आणि एकदा सोडवायला. खाली पोचेपर्यंत खांदे भरून येतात. शिवाय ओल्या रस्त्यावर गाडी सरळ कुठे आहे याचा हाताला पत्ता लागत नाही. जडपणा मी एक वेळ सोसला असता. हे सोसणार नव्हतो.

कारण हे आपोआप सरळ येणं पंपाचं काम नाहीच. पुढच्या चाकांचा वळण्याचा आस किंचित मागे झुकवलेला असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. त्या झुकावामुळे चालत्या गाडीची चाकं स्वतःहून सरळ व्हायला बघतात. पंप फक्त वळवायला मदत करतो. म्हणजे चाकं सरळ येत नसतील तर त्यांना मधे कुठे तरी काही तरी धरून ठेवतंय, आणि ते धरणं तेलाशी संबंधित असेलच असं नाही. एवढा विचार अंदाजपत्रक करणाऱ्याने केला असता तर पंप त्या कागदावर आलाच नसता.

तरी सुरुवात मी तेलापासूनच केली, कारण ते स्वस्त आहे. टायरची हवा स्टिकरवर लिहिल्याप्रमाणे होतीच. टाकीतलं तेल मात्र लाल राहिलेलं नव्हतं, काळपट झालं होतं आणि जळका वास येत होता. आमच्या गाडीत डेक्स्रॉन प्रकारचं लाल तेल लागतं. काही गाड्यांना वेगळं लागतं, टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, तेच घ्या. ब्रेक ऑईल मात्र चुकूनही नाही. पातळी कमी दिसली म्हणून पेट्रोल पंपावरून ब्रेक ऑईल आणून ओतणारे लोक मी पाहिलेत. त्याने रबरी सील फुगतात आणि मग खरंच रॅक जाते.

काम सोपं आहे. मोठ्या सिरिंजने टाकीतलं तेल ओढून काढायचं, नवं भरायचं, इंजिन चालू करून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं, मग परत ओढायचं. तेल लालभडक दिसेपर्यंत हेच. एका दमात सगळं निघत नाही, होजमध्ये आणि रॅकमध्ये उरतंच. टोकाला धरून ठेवायचं नाही, पाच सेकंदांच्या वर तर नाहीच, कारण तिथं पंप पूर्ण दाबावर जातो आणि तेल तापतं. आमच्या टाकीच्या तळाला बारीक जाळी आहे, ती गाळाने निम्मी बुजलेली होती. धुऊन बसवली. तेलाला फेस आला तर आत हवा शिरली आहे, असं समजून पुढची चाकं वर उचलून, इंजिन बंद ठेवून पुन्हा फिरवत बसायचं.

याचा फायदा झाला. पंपाची घरघर थांबली, पार्किंगमध्ये थोडं हलकं वाटू लागलं. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी छातीठोक सांगितलं असतं की जुन्या गाडीत तेल बदला, बाकी काही नको. आज तेवढं सांगत नाही. फोंडा घाटात स्टिअरिंग पूर्वीइतकंच अडत होतं.

मधे दोन ठिकाणी अलाइनमेंटही करून घेतली. संगणकावर सगळे आकडे हिरवे. हिरवे असणारच, कारण तिथं चाकांचा कोन मोजतात, स्टिअरिंग किती जड फिरतंय हे मोजत नाहीत. पैसे गेले ते गेलेच.

मग उद्यमनगरातल्या मिस्त्रीमामांकडे. साठीच्या पुढचे आहेत, गाडी हातात घेतल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. इंजिन बंद ठेवून त्यांनी स्टिअरिंग एका बाजूला दाबून धरलं आणि मला चावी फिरवायला लावली. इंजिन सुरू होताच त्यांच्या हातातलं स्टिअरिंग पटकन सैल पडलं.

"पंप झकास हाय तुमचा. कुणी सांगितलं बदला म्हणून?"

मी कागद दाखवला. त्यांनी वाचलासुद्धा नाही.

पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलून खाली स्टँड लावले, इंजिन बंद, आणि स्टिअरिंग अगदी हळू फिरवायला सांगितलं. चाकं हवेत असताना ते एकसारखं फिरायला हवं. आमचं पूर्ण एका फेऱ्यात दोनदा अडत होतं. जड, हलकं, परत जड, परत हलकं. मामांना एवढं पुरलं.

"रॅक अडली असती तर टोकाला नायतर मधी एका जागी अडली असती. हे फेऱ्याला दोनदा अडतंय. म्हंजे क्रॉस."

हा क्रॉस, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा, या अनुभवाचा खरा नायक आहे. स्टिअरिंगचा दांडा सरळ रॅकपर्यंत जात नाही, वाकत जातो, आणि प्रत्येक वाकण्यावर एक सांधा असतो. त्यात अधिक चिन्हासारखा तुकडा असतो आणि त्याच्या चार टोकांना बारीक सुयांचे बेअरिंग. आमच्या गाडीत खालचा सांधा इंजिनच्या खोबणीत, सायलेन्सरच्या पाइपशेजारी. उष्णतेने ग्रीस वाळतं, वॉशिंगवाला प्रेशरचं पाणी मारतो, कोकणातला चिखल वर उडतो. चारपैकी एक जोडी गंजली की ती फेऱ्याला दोनदा आडवी येते. रॅकच्या तीसेक हजारांपुढे याची किंमत विचारण्यासारखीही नाही.

खात्री करायची पद्धतही मामांनी दाखवली आणि ती प्रत्येक जुन्या गाडीवाल्याने बघावी अशी आहे. सांध्याचा बोल्ट काढून दांडा रॅकपासून वेगळा करायचा. आता वरचा भाग बोटाने फिरला पाहिजे. फिरला तर दोष खाली, नाही फिरला तर दोष वर. आमचा वरचा भाग हातानेही जेमतेम फिरत होता, आणि रॅक पान्याने गुपचूप सरकत होती. अंदाजपत्रकातली पहिली ओळ तिथंच खोडली गेली. एक सांगतो : स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर दांडा सुटल्यावर स्टिअरिंगचं चाक मोकाट गरगरा फिरवू नका, चाचणीपुरतं इकडेतिकडे हलवा आणि मग बांधून ठेवा. आत गुंडाळलेली वायर तुटते आणि तो खर्च रॅकच्या पंक्तीला बसतो. दांडा आणि रॅक यांच्यावर आधी खडूने खूण करा, नाहीतर परत बसवताना स्टिअरिंग वाकडं बसतं.

पहिल्या दिवशी मामांनी सांध्यावर गंज सोडवणारं तेल मारून तो हाताने खेळवला. वीसेक मिनिटांचं काम. बाहेर पडलो तर गाडी ओळखू येईना. मिरजकर तिकटीच्या वळणावरून स्टिअरिंग हातातून स्वतःच सुटून सरळ आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. घरी न जाता मी रंकाळ्याला दोन चकरा मारल्या, केवळ वळणं घ्यायला मिळावीत म्हणून. पेट्रोलच्या भावाची चिंता करणारा माणूस डिझेल असं जाळतो यावर घरचे अजून हसतात.

हा आनंद पावसाळ्यापर्यंत टिकला. पहिले दोन मोठे पाऊस झाले आणि दोनदा अडणं परत आलं. तेल मारून मोकळा केलेला गंजका सांधा परत गंजतो, हे आता पक्कं लिहून ठेवतो. तेल मारणं ही रोग ओळखायची चाचणी आहे, औषध नाही. त्यानंतर तीन वाटा होत्या. भंगारातला दांडा घ्यायचा, फक्त क्रॉस काढून नवा दाबून बसवायचा, किंवा पूर्ण दांडा नवा घ्यायचा. पहिला सर्वात स्वस्त, आणि माझा स्वभाव पाहता तोच घेणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. पण भंगारातल्या दांड्याचा सांधा मी दुकानातच बोटाने हलवून पाहिला, तोही अडत होता, आणि दुसऱ्या एकावर वेल्डिंगची रेघ दिसली. स्टिअरिंगच्या दांड्यावर वेल्डिंग! घाटात तो निखळला तर ब्रेक सोडून हातात काहीच उरत नाही. क्रॉस दाबून बसवायलाही मामांनी नकार दिला, कारण आमच्या गाडीत तो ठोकून कायमचा बसवलेला असतो. शेवटी नवा दांडा घेतला, काही हजारांत पडला, मजुरी मामांनी नेहमीसारखीच संकोच वाटावा इतकी कमी लावली. बोल्टही नवा, आणि बसवल्यावर सांध्यावर रबरी टोपण. वॉशिंगवाल्याला सांगून ठेवलंय, तिकडे प्रेशर मारायचा नाही.

जडपणा गेला. पण माझं समाधान झालं नाही. उजवीकडून स्टिअरिंग पूर्ण सरळ यायचं, डावीकडून थोडं आधी थांबायचं. बाकी कुणाच्या लक्षातही आलं नसतं. मामा म्हणाले, "तुम्हाला सवयच लागली ती बघायची." तरी त्यांनी माझा हात डाव्या शॉकअपच्या स्प्रिंगवर ठेवायला लावला आणि स्वतः स्टिअरिंग फिरवलं. स्प्रिंग चाकाबरोबर सरकत नव्हती, पीळ खाऊन कट्कन सुटत होती. वरच्या माउंटिंगचं बेअरिंग गंजलेलं. स्प्रिंग पिळली की ती चाकाला आपल्या जागी ओढते आणि सरळ येऊ देत नाही. ते बदललं, आणि तेव्हापासून दोन्ही बाजूंनी एकसारखं.

इथं एक सावधगिरी. रॅकमधून खडखड येते म्हणून काही गॅरेजमध्ये रॅकचा मागचा नट आवळून देतात. आवाज बंद होतो, गिऱ्हाईक खूश, आणि स्टिअरिंग सरळ यायचं बंद होतं. मग त्याच गॅरेजमधून पंप बदलायचा सल्ला मिळतो. एका ओळखीच्यांच्या गाडीत असंच झालं होतं. मामांनी तो नट थोडा सैल केला आणि गाडी परत दिली. नट किती सैल करायचा याचं माप असतं, घरी पान्याने करू नका.

बहिणीची छोटी गाडी इलेक्ट्रिक स्टिअरिंगची आहे. त्यात तेल नाही, पट्टा नाही, ना टाकी. जड झालं तर आधी बॅटरी आणि फ्यूज बघायचे, मग डॅशबोर्डवरचा दिवा. हे सगळं लेखन तिच्या उपयोगाचं नाही, क्रॉस आणि शॉकअपचं बेअरिंग सोडून. ते दोन तिच्याही गाडीत आहेत.

आता गाडीची आजची अवस्था. फोंडा घाट या पावसाळ्यात अनेकदा झाला, खांदे दुखले नाहीत. सकाळी पहिल्यांदा पूर्ण टोकाला वळवलं की पट्टा किंचाळतो, ताण एकदा वाढवून दिला तरी ओल्या सकाळी किंचाळतोच. पट्टा जुना आहे, पुढच्या सर्व्हिसला बदलेन. रॅकच्या उजव्या बुटाच्या, म्हणजे रबरी आवरणाच्या टोकाला तेलाचा ओलसरपणा दिसायला लागलाय. सील किट उद्यमनगरात मिळतं आणि बसवूनही देतात, पण मामा म्हणतात टाकीतली पातळी खाली जायला लागेपर्यंत हात लावू नका. त्यामुळे सध्या महिन्यातून एकदा सकाळी, इंजिन थंड असताना, झाकण उघडून काडीवरची खूण बघतो. अजून तरी हललेली नाही.