मिश्रवंशीय, अँग्लो-इंडियन की नुसतं ‘आई इथली, वडील तिथले’?

कळव्याची आई, केनियाचे वडील. ठाण्यातल्या शाळेच्या वार्षिकांकात या मुलीची ओळख कशी लिहायची? एकाच व्यक्तीबद्दल असेल, तर ‘आई कळव्याची, वडील केनियाचे’ हेच सर्वांत नेमकं. तेही तिला विचारून, आणि विषयाला गरज असेल तरच.

आई-वडील वेगवेगळ्या वंशांचे असलेल्यांच्या समूहाबद्दल लिहिताना ‘मिश्रवंशीय’ वापरा. मुलगा, मुलगी, मुलं, कुणापुढेही तो बदलत नाही, त्यामुळे तक्त्यात नि सबटायटलमध्ये नीट बसतो. एक अडचण मात्र आहे. वंश म्हटलं की आपल्याकडे आधी वंशावळ आणि वंशाचा दिवा आठवतो, म्हणून वाचक ‘आंतरजातीय’ असा अर्थ लावू शकतो. पहिल्या उल्लेखातच ‘आई भारतीय, वडील आफ्रिकी वंशाचे’ असा खुलासा करा. ‘आंतरवंशीय’ लग्नाला म्हणावं, मुलाला नाही.

‘संकरित’ म्हणजे बियाणं नि गाय. ‘वर्णसंकर’ तर गीतेच्या पहिल्याच अध्यायात कुलक्षयाच्या भीतीसोबत येतो. हे दोन्ही शब्द माणसाला लावूच नयेत. ऐकणाऱ्याला ते लागतात.

‘अँग्लो-इंडियन’ला घटनेत व्याख्या आहे, कलम 366(2): वडिलांकडच्या पुरुष-परंपरेत युरोपीय पूर्वज, आणि कुटुंब भारतातच स्थायिक. म्हणजे ऐरोलीतल्या मुलाची आई इंग्लिश आणि वडिलांचं घराणं मराठी असेल, तर तो या व्याख्येत येत नाही. इथे हमखास होणारी दुसरी चूक म्हणजे ‘ईस्ट इंडियन’ना मिश्रवंशीय समजणं. ठाणे-वसईतले हे मराठी बोलणारे कॅथलिक इथलेच भूमिपुत्र. नाव 1887 मध्ये घेतलेलं, मिश्र वंशाशी त्याचा संबंध नाही.

परदेशी नावं भाषांतरात सपाट करू नका. ‘कलर्ड’ दक्षिण आफ्रिकेत एका मिश्रवंशीय समाजाचं नाव आहे, अमेरिकेत तोच शब्द अपमानास्पद. कॅनडाच्या ‘मेती’ लोकांना (पूर्वज आदिवासी आणि युरोपीय) 1982 च्या घटनेने स्वतंत्र आदिवासी समाज मानलं आहे. तिथे ‘मिश्रवंशीय’ लिहिलं की ती ओळखच पुसली जाते. नाव देवनागरीत तसंच ठेवा. ‘मुलाटो’ हा गोऱ्या-काळ्या आई-वडिलांच्या मुलांसाठीचा जुना शब्द. त्याची व्युत्पत्ती सहसा खेचराशी जोडतात. जुन्या मजकुराचा उतारा देतानाच तो यावा.

वाशीतल्या कंपनीचा अर्ज असेल, तर एकाच चौकटीवर खूण करायची सक्ती नको. अमेरिकेच्या जनगणनेने 2000 पासून एकाहून अधिक वंश निवडायची मुभा दिली. ‘इतर’ऐवजी ‘आपल्या शब्दांत लिहा’ अशी रिकामी ओळ ठेवा.