बाईकवर कॅम्पिंगचं सामान न्यायचंय: पेट्या, सॅडलबॅग की नुसती ड्राय बॅग?

हिमालयन किंवा एक्सपल्ससारखी ऑफरोड बाईक दारात आली की महिनाभरात प्रश्न येतोच, पेट्या टाकू का, म्हणजे मागे दोन्ही बाजूंना लावायचे ते कडक डबे. दिसायला भारी दिसतात यात वादच नाही, गाडी सोसायटीत उभी असली तरी लडाखला निघाल्यासारखी वाटते. पण आपण बोलतोय ते दोन-तीन रात्रींच्या कॅम्पिंगबद्दल, एकटा माणूस, जायचं भंडारद्याला नाहीतर दापोली-गुहागर साईडला, आणि सामान कमीत कमी. त्या हिशोबाने बघितलं तर गणित बरंच वेगळं निघतं.

बॅग बघायच्या आधी सामान जमिनीवर मांडा आणि वजन करा. दोघांचा साधा टेंट अडीच किलोच्या आसपास, स्लीपिंग बॅग किलोभर (डिसेंबर-जानेवारीत घाटमाथ्यावर लागते, बाकी कोकणात चादरीवर भागतं), मॅट, स्क्रूवाली छोटी शेगडी, 230 ग्रॅमवालं गॅस कॅनिस्टर, एक टोप, दोन जोडी कपडे, पंक्चर किट, पाणी. सगळं मिळून 10 ते 12 किलो होतं आणि नीट कोंबलं तर 40-50 लिटरमध्ये बसतं. यापेक्षा फार वर जात असाल तर त्यात कुठेतरी फोल्डिंग खुर्ची नाहीतर बिर्याणीचं पातेलं आहे, शोधा. आणि तो फेकला की आपोआप उघडणारा गोल टेंट कारवाल्यांसाठी आहे, घडी घालून तो एवढी मोठी चकती होतो की बाईकवर कुठेच धड बसत नाही, आडवा लावा नाहीतर उभा.

आता पेट्या. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पेट्या आणि त्यांचा रॅक मिळून 12-15 किलो रिकामेच होतात, म्हणजे जेवढं सामान न्यायचंय तेवढंच किंवा जास्तच वजन नुसत्या डब्यांचं. हिमालयन स्वतःच 200 किलोच्या घरात, त्यात हे, आणि मग रिसॉर्टकडे जाणारा तो शेवटचा लाल मातीचा उतार. खर्च रॅकसकट पंचवीस-तीस हजारांच्या पुढे. रुंदी हा वेगळाच विषय, पेट्या लावलेली गाडी हँडलपेक्षा रुंद होऊ शकते आणि ते आपल्या डोक्यात राहत नाही. दाभोळ-धोपावे जेट्टीवर बघा, फेरीबोटीत आधी गाड्या चढवतात, मग उरलेल्या फटींमध्ये बाईकवाल्यांना "घ्या घ्या, अजून आत घ्या" करत कठड्याला चिकटवतात, तिथे शेजारच्या क्रेटाचा दरवाजा आणि तुमच्या पेटीचा कोपरा यात चार बोटं राहतात. पण खरा मुद्दा पडण्याचा आहे. चिखलात गाडी हळू स्पीडला आडवी होते तेव्हा आपण सवयीने पाय टेकवतो, तो पाय मागे सरकून पेटीखाली सापडला की घोट्याचं काम होतं. ऑफरोडवाले सॉफ्ट बॅग का वापरतात त्याचं मोठं कारण हेच आहे, फॅशन नाही.

पेट्यांच्या बाजूने बोलायचं तर कुलूप आहे. धाब्यावर गाडी लावून निवांत जेवता येतं, कॅमेरा-लॅपटॉप आत राहतो, पाणी शिरत नाही, आणि कॅम्पवर पेटी उपडी करून ओटा होतो. महिनाभराची डांबरी टूर असेल, रोज हॉटेल असेल, तर मी पण पेट्याच घ्या म्हणेन. पण हे तसं काम नाही.

सॉफ्ट सॅडलबॅग म्हणजे सीटवरून दोन्ही बाजूंना लोंबणारी जोडी, आपल्याकडे रायनॉक्स, व्हियाटेरा वगैरेंच्या सहज मिळतात, साधारण 5 ते 10 हजारात जोडी येते. वजन चाकाच्या जवळ आणि खाली राहतं. दूधवाल्याकडे बघा ना, दोन्ही बाजूला भरलेले कॅन लटकवून तो पहाटे खड्ड्यातून आरामात जातो, कारण वजन खाली आहे आणि दोन्हीकडे सारखं आहे. तेच आपण करायचं, एकीकडे टेंट आणि पोल, दुसरीकडे शेगडी, खाणं, टूल, आणि हाताने उचलून अंदाज घ्यायचा.

पण सॅडलबॅगमध्ये दोन गोष्टी बघून घ्याच. पहिली सायलेन्सर. हिमालयन, एक्सपल्सचा सायलेन्सर उजवीकडे वर आलेला असतो, बॅग भरली की ती फुगते आणि खड्ड्यात खाली आदळते, मग त्या बाजूचं कापड आधी चकाकतं, नंतर कडक होतं आणि मग त्यातून जळक्या रेनकोटचा वास यायला लागतो. त्यासाठी सॅडल स्टे लावा, म्हणजे बॅग बाहेरच्या बाहेर धरून ठेवणारा पाईपचा सांगाडा. तो वजनाने पेट्यांच्या रॅकपेक्षा हलका आणि स्वस्त असतो, बॅग चाकात जायची भीतीही संपते. दुसरी गोष्ट पाऊस. बऱ्याच सॅडलबॅगला पिवळं रेन कव्हर देतात, ते ताम्हिणीतल्या जुलैच्या पावसात टिकत नाही, वाऱ्याने फुगतं आणि मागच्या चाकाचं उडालेलं पाणी खालून आत घेऊन साठवतं, बॅगखाली तळं. पावसात जायचंच असेल तर रोलटॉप बघा, तोंड तीनदा गुंडाळून बकल लावायचं, चेन नाही, आणि सांधे शिवलेले नाहीत तर गरम करून चिकटवलेले. चेनवाली आधीच घेतली असेल तर फेकू नका, आतून जाड प्लास्टिक पिशवी लावा, काम होतं.

टेलबॅग, म्हणजे कॅरियर नाहीतर मागच्या सीटवर आडवी बांधायची मोठी बॅग. ड्राय बॅग, म्हणजे पाणी न शिरणारी साधी पिशवी, तीही अशीच बांधायची. सगळ्यात सोपी हीच, कुठल्याही गाडीवर बसते, क्लासिक काय आणि स्प्लेंडर काय, आणि उतरवून खांद्यावर टाकली की झालं. हरिश्चंद्रगडाला पाचनईतून वर चढायचं असेल तर गाडी खालीच राहते, सामान पाठीवर न्यायचंय, तिथे सॅडलबॅगची जोडी घेऊन चढणारा माणूस बघवत नाही. (गडावर मुक्कामाचं आधी वनखात्याचं काय चाललंय ते गावात विचारून घ्या, ते अभयारण्य आहे.) तोटा असा की लोक ती कॅरियरच्या पार टोकाला बांधतात, मागच्या चाकाच्याही मागे, मग पुढचं चाक हलकं पडतं आणि वरंधा घाटात वळणावर हँडल पोकळ वाटतं. बॅग पुढे, आपल्या कमरेला टेकेल इतकी पुढे घ्या. जड वस्तू तळाला, स्लीपिंग बॅग वर.

मधला एक प्रकार आपल्याकडे कमी दिसतो, घोड्याच्या नालेसारखी एकच बॅग, सीटच्या मागून वळसा घेऊन दोन्ही बाजूंना उतरते, रॅक लागत नाही. जायंट लूपची कायोटी ही त्यातली नावाजलेली, 39 लिटरची. एक्सपल्ससारख्या हलक्या गाडीला हा प्रकार अगदी फिट आहे, पण बाहेरची घ्यायची तर खिसा कापला जातो आणि टेंटचे पोल लांब असले तर वळणावर अडकतात, ते वेगळे वर बांधावे लागतात.

टँकबॅग, म्हणजे पेट्रोलच्या टाकीवर बसणारी छोटी बॅग, ही जोडीला, मुख्य नाही. पाकीट, पॉवरबँक, टॉर्च, चिक्की एवढंच. मॅग्नेटवाली घेताना टाकीला आधी मॅग्नेट लावून बघा, वरती प्लास्टिकचं पॅनल असेल तर चिकटणार नाही. टॉपबॉक्स, म्हणजे सीटमागे कॅरियरवर बसणारा डबा, ऑफिसला छान, टेंट त्यात जात नाही, विषय संपला.

बांधायचं कशाने यावर कोणी बोलत नाही आणि अर्धी लफडी तिथेच होतात. लोखंडी हुकवाली बंजी कॉर्ड टाळा, सुटली तर डोळ्यावर येते किंवा चाकात जाते. रॉक स्ट्रॅप (हुक नसलेला, ताणणारा पट्टा) किंवा साधा बकलचा पट्टा घ्या, उरलेली शेपटी गुंडाळून टेप मारा. काहीच नसेल तर पंक्चरवाल्याकडून ट्यूबच्या पट्ट्या कापून घ्या, दहा-वीस रुपयात कुठल्याही ब्रँडच्या तोंडात मारतील असं धरतात.

माझं विचाराल तर पहिल्यांदा जाताय, कॅम्पिंग जमतं का तेच बघायचंय, तर 40 लिटरची ड्राय बॅग आणि दोन चांगले पट्टे, बास, दोन-तीन हजारात निघा. आवडलं आणि दर महिन्याला जायला लागलात तर सॅडल स्टे आणि रोलटॉप सॅडलबॅग घ्या, ड्राय बॅग तेव्हाही टेंटसाठी वरती चालेल. मागे कोणी बसणार असेल तर मात्र टेलबॅगचा प्लॅन रद्द, मागची सीट गेली, मग सॅडलबॅगला पर्याय नाही, दोघांचं सामान त्यातच बसवा. आणि काहीही घेतलंत तरी निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरवर चहाला थांबून पट्टे परत आवळा, कपडे दबले की सगळं सैल पडतं.