‘प्रश्न उद्भवत नाही’ हे उत्तर नसलेले सभागृह: येलोनाइफच्या विधानसभेतील वित्तमंत्र्यांची प्रश्नोत्तरे

मंत्रालयात वित्त विभागाच्या एका कार्यासनावर कक्ष अधिकारी म्हणून मी जी वर्षे काढली, त्यांतला बराचसा काळ तारांकित प्रश्नांची, म्हणजे आमदारांनी आधी लेखी देऊन सभागृहात मंत्र्यांकडून तोंडी उत्तर मागितलेल्या प्रश्नांची, उत्तरे तयार करण्यात गेला. ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’ अशा ठरलेल्या पायऱ्यांनी प्रश्न खाली उतरत यायचा आणि पहिल्या पायरीवर ‘हे खरे नाही’ असे लिहिता आले, की पुढच्या सगळ्या पायऱ्यांवर ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे लिहून नस्ती वर पाठवता यायची. निवृत्तीनंतर मुलीकडे, कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज या उत्तरेकडील प्रदेशाच्या राजधानीत, येलोनाइफला येणे-जाणे सुरू झाले आणि तिथल्या विधानसभेत वित्तमंत्र्यांना खर्चाविषयी आणि करांविषयी प्रश्न कसे विचारले जातात, हे पाहण्याची सवय लागली. या विधानसभेची प्रेक्षक दीर्घा, थेट प्रक्षेपण आणि ‘हॅन्सार्ड’ या नावाने प्रसिद्ध होणारा कामकाजाचा शब्दशः वृत्तांत या तिन्ही सेवा सामान्य नागरिकाला विनामूल्य मिळतात. त्यांचा ग्राहक या नात्याने हे परीक्षण लिहीत आहे.

दीर्घेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. फ्रेम लेक या तलावाच्या काठी, झाडीत दडलेली ही इमारत १९९३ साली सुरू झाली. शहराच्या मध्यापासून चालत जाता येते, मात्र फेब्रुवारीत उणे तीस अंशांच्या थंडीत ते चालणेही एक काम होऊन बसते. सभागृह गोल आहे, मध्यभागी जमिनीवर पांढऱ्या अस्वलाचे कातडे अंथरलेले आहे आणि बाके त्याच्याभोवती वर्तुळात मांडलेली आहेत. सभागृहाच्या राजदंडात प्रदेशातील तेहेतीस वस्त्यांमधून आणलेले खडे भरलेले आहेत आणि तो हलवला की त्यांचा आवाज होतो, असे सांगतात. माझ्या कानांना तो आवाज ऐकू आला नाही, पण त्याचा दोष माझ्या वयाचा असावा. बसायला जागा सहज मिळते. भाषांतर ऐकण्यासाठी कानाला लावायचे यंत्र मिळते, ते अवश्य घ्यावे, कारण या प्रदेशाच्या अधिकृत भाषा अकरा आहेत, त्यांपैकी नऊ मूलनिवासी समाजांच्या आहेत, आणि एखादे सदस्य उभे राहून आपले निवेदन त्लिचो भाषेत सुरू करतात, तेव्हा यंत्र हाती नसलेला माणूस नुसता चेहरे पाहत बसतो.

खरे वेगळेपण बैठकीच्या रचनेच्या मागे आहे. एकोणीस सदस्यांच्या या सभागृहात राजकीय पक्षच नाहीत. निवडून आलेले सदस्य आपल्यातून अध्यक्ष, मुख्यमंत्री आणि मंत्री निवडतात. मंत्रिमंडळात मुख्यमंत्र्यांसह सात जण असतात, अध्यक्ष वगळता उरलेले अकरा जण सामान्य सदस्य म्हणून प्रश्न विचारतात, म्हणजे सरकार कायमच अल्पमतात असते. व्हिप नाही, गटनेता नाही, सभात्याग नाही. वित्तमंत्र्यांना घेरणाऱ्या अकरा जणांचे आपसांत पटेलच असेही नाही, कारण राजधानीतील सदस्याला ज्या खर्चाची चिंता असते, त्याच खर्चासाठी मॅकेन्झी नदीच्या मुखाजवळच्या वस्तीचा सदस्य भांडत असतो.

मौखिक प्रश्नांसाठी रोज साठ मिनिटे असतात आणि त्यांना पूर्वसूचना लागत नाही. आमच्याकडे तारांकित प्रश्न कित्येक दिवस आधी दिला जातो, छापील यादीत येतो, विभागाकडून उत्तर मागवले जाते आणि तरीही नागपूरच्या अधिवेशनात अधिकारी दीर्घेत बसून मी किती चिठ्ठ्या पुढे सरकवल्या असतील याची गणती नाही. मंत्री उपप्रश्न ऐकता ऐकता मागे न पाहता हात पुढे करायचे आणि चिठ्ठी त्या हातात पडायची. इथे तो हात नाही. मंत्र्यांना उत्तर माहीत असते किंवा नसते, आणि नसल्यास माहिती घेऊन कळवतो असे सांगण्याची मुभा असते. २०१९पासून वित्त खाते सांभाळणाऱ्या कॅरोलाइन वावझोनेक मूळच्या वकील आहेत आणि ते त्यांच्या उत्तरांच्या बांधणीत दिसते: आधी प्रश्नाची व्याप्ती आखून घ्यायची, मग तत्त्व सांगायचे आणि आकडा जवळ असेल तर शेवटी द्यायचा. श्रोत्याला हे लांबण वाटते. वाचकाला मात्र त्याचा उपयोग होतो, कारण प्रश्नकर्त्याने गृहीत धरलेल्या दोन गोष्टींपैकी कोणती मंत्र्यांनी मान्य केली आणि कोणती अलगद बाजूला ठेवली, हे छापील मजकुरात स्पष्ट सापडते.

करांविषयीची प्रश्नोत्तरे समजून घ्यायची असतील, तर थोडी पूर्वतयारी हवी. या प्रदेशाच्या महसुलाचा निम्म्याहून बराच मोठा भाग केंद्राच्या अनुदानातून येतो. सूत्र असे, की प्रदेशाच्या खर्चाचा एक आधारभूत आकडा धरायचा, तो दरवर्षी लोकसंख्येच्या वाढीशीही जोडून वाढवायचा आणि त्यातून प्रदेशाच्या स्वतःच्या उत्पन्नक्षमतेचा ७० टक्के भाग वजा करायचा. सुमारे पंचेचाळीस हजार लोकसंख्येच्या प्रदेशात काहीशे कुटुंबे दक्षिणेकडे राहायला गेली, तर ती बाब केवळ सामाजिक राहत नाही, थेट अनुदानाच्या गणितात उतरते. म्हणूनच भाडे, वीजदर, दाई, परिचारिका अशा कुठल्याही विषयावरचा प्रश्न शेवटी वित्तमंत्र्यांच्या बाकापाशी येऊन थांबतो. प्रदेशाचा स्वतःचा विक्रीकर नाही. केंद्राचा ५ टक्क्यांचा वस्तू व सेवा कर तेवढा लागतो.

त्याऐवजी आहे तो वेतन कर. १९९३ साली आणलेला हा २ टक्क्यांचा कर मालक पगारातून कापून भरतो. महाराष्ट्रातल्या वाचकाला आपला व्यवसाय कर आठवेल, पण कारण अगदी निराळे आहे. इथल्या हिऱ्यांच्या खाणींवर काम करणारे पुष्कळ कामगार विमानाने येतात, दोन-तीन आठवडे राबतात आणि अल्बर्टासारख्या प्रांतातल्या आपल्या घरी परततात. कॅनडात प्रांतिक आयकर वर्षअखेरीस जिथे वास्तव्य असेल तिथे जातो, त्यामुळे मजुरी उत्तरेत मिळवायची आणि आयकर दक्षिणेला द्यायचा, असा हा व्यवहार होतो. वेतन कर वास्तव्य पाहत नाही, काम कुठे झाले ते पाहतो. १९९८ साली एकाटी, २००३ साली डायविक आणि २०१६ साली गाहचो कुए अशा एकामागून एक खाणी उघडत गेल्या तेव्हा ही युक्ती लाभाची ठरली. डायविकमधील उत्पादन २०२६मध्ये थांबवण्याचे ठरल्यामुळे, खाण मिटल्यावर त्या जागी कोणता करदाता उभा राहणार, हा प्रश्न शब्द बदलून पुन्हा पुन्हा विचारला जातो. त्याला खणखणीत उत्तर मला अजून वाचायला मिळालेले नाही आणि वित्तमंत्र्यांच्या जागी कोणीही असते तरी ते मिळाले असते, असे वाटत नाही.

कार्बन कराविषयीची प्रश्नोत्तरे मात्र या सेवेचा सर्वोत्तम नमुना आहेत. केंद्राच्या आग्रहाने १ सप्टेंबर २०१९पासून इंधनाच्या कार्बन उत्सर्जनावरचा हा कर टनामागे २० डॉलरने सुरू झाला, तेव्हा घर तापवण्याच्या तेलावरचा कर खरेदीच्या वेळीच परत मिळत असे. पुढे केंद्राचे निकष बदलले, अशी जागच्या जागी सूट चालणार नाही असे ठरले आणि १ एप्रिल २०२३ रोजी दर ६५ डॉलरवर गेला त्याच दिवसापासून ती सूट गेली. बदल्यात रहिवाशांना मिळणाऱ्या महागाई भरपाईची रक्कम वाढवून ती भागानुसार कमी-अधिक करण्यात आली. कागदावर हिशेब जुळतो. पण उत्तर ध्रुववृत्तापलीकडच्या वस्तीत टाकी भरताना पैसे आज द्यावे लागतात आणि भरपाई तीन महिन्यांतून एकदा खात्यात येते, हे ज्या तपशिलाने मांडले गेले, तसे आर्थिक पाहणीच्या कोणत्याही प्रकरणात सापडणार नाही. मंत्र्यांची अडचणही तितकीच खरी होती: स्वतःचा कर रद्द केला तर केंद्र आपला कर लावणार आणि वाटपावरचा ताबाही जाणार. ऑक्टोबर २०२३मध्ये केंद्रानेच तापवण्याच्या तेलाला सूट जाहीर केली, प्रदेशाने तोच मार्ग धरला आणि १ एप्रिल २०२५पासून सामान्य ग्राहकावरचा कार्बन करच संपला. हा सगळा प्रवास वृत्तांतातून तारखेनुसार वाचत गेल्यास, केंद्र आणि प्रदेश यांच्या मध्ये उभ्या असलेल्या वित्तमंत्र्याला काय काय बोलता येते आणि काय येत नाही, याचा उत्तम पाठ मिळतो.

तरीही माझे स्पष्ट मत असे, की प्रश्नोत्तरांच्या तासाला जितके महत्त्व दिले जाते तितके त्यात नाही. पैशाचे खरे बोलणे अर्थसंकल्पानंतर, सभागृह पूर्ण समितीच्या रूपात, म्हणजे सगळे सदस्य मिळून एकच समिती म्हणून बसतात तेव्हा होते. एकेका विभागाचे अंदाज, म्हणजे प्रस्तावित खर्चाचे आकडे, चर्चेला घेतले जातात, प्रत्येक सदस्याच्या नावे घड्याळावर दहा मिनिटे लावली जातात आणि मंत्री आपल्या अधिकाऱ्यांना साक्षीदार म्हणून आत आणण्याची परवानगी मागतात. मग विभागाचा सचिव आणि वित्त संचालक सभागृहात येऊन मंत्र्यांशेजारी मेजाशी बसतात, त्यांची नावे वृत्तांतात नोंदली जातात आणि मंत्र्यांनी सांगितल्यावर ते स्वतः उत्तर देतात. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मी खुर्चीत सावरून बसलो. ज्या माणसाने टिपणी लिहिली तोच माणूस तिच्याबद्दल बोलतो आहे, चिठ्ठी नाही, आडोसा नाही! आमच्याकडे अशी उलटतपासणी लोकलेखा समितीपुढे होते, पण ती बंद दाराआड आणि खर्च होऊन गेल्यानंतर.

भांडवली खर्चाचे अंदाज इथे वेगळे, शरद ऋतूत मांडले जातात, आणि त्यांतल्या अखर्चित रकमांची चर्चा चुकवू नये. आर्थिक वर्ष आपल्यासारखेच १ एप्रिल ते ३१ मार्च असले, तरी बांधकामाचा हंगाम जेमतेम काही महिन्यांचा, सामान नेण्यासाठी हिवाळ्यात गोठलेल्या नद्या-तलावांवरून काढलेला रस्ता किंवा उन्हाळ्यात मॅकेन्झी नदीवरचे बार्ज, म्हणजे मालवाहू सपाट तराफे. नदीचे पाणी उतरले की बार्ज अडतात, सामान अडते, काम पुढच्या वर्षात जाते आणि पुरवणी मागण्यांत तोच निधी पुन्हा मंजुरीला येतो. मार्चअखेरीस निधी व्यपगत होऊ नये, म्हणजे न वापरता परत जाऊ नये, म्हणून रात्री उशिरापर्यंत जागणाऱ्या आमच्या कोषागारातील मंडळींना हे वाचून गंमत वाटेल. २०२३च्या ऑगस्टमध्ये वणव्यांमुळे सगळे येलोनाइफ शहर रिकामे करावे लागले, त्यानंतर आलेल्या पुरवणी मागण्यांवरची चर्चाही अशीच वाचनीय आहे. कर्जाची कमाल मर्यादा केंद्र ठरवते, ती २०२० साली १.३ अब्जांवरून १.८ अब्ज डॉलरवर नेली गेली. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २९३खाली राज्याच्या कर्जासाठी केंद्राची संमती मिळवण्याचे कागद ज्यांनी रंगवले आहेत, त्यांना या विषयावरील उत्तरांतला सूर ओळखीचा वाटेल.

उणिवा सांगायलाच हव्यात. पक्ष नसल्यामुळे अर्थसंकल्पाचा मसुदा सामान्य सदस्यांच्या समित्यांना आधी गोपनीय रीतीने दाखवला जातो, त्यामुळे सभागृहातील पुष्कळ प्रश्न, उत्तर माहीत असूनही केवळ नोंदीसाठी विचारलेले असतात, आणि बाहेरच्या वाचकाला संभाषणाचा पूर्वार्ध गाळून उत्तरार्ध दिल्यासारखे होते. ‘माहिती नंतर देते’ असे म्हटल्यावर ती माहिती पुढे कुठल्या दिवशी, कोणत्या कागदाने आली, याचा माग वाचकाला स्वतः काढावा लागतो. त्लिचो किंवा स्लेव्ही भाषेत झालेले बोलणे वृत्तांतात इंग्रजी भाषांतराने येते; मूळ शब्द हवे असतील तर चित्रफीत पाहावी लागते. आणि संक्षेपाक्षरे! विभाग, योजना, अनुदान, करार, प्रत्येकाचे चार-पाच अक्षरांत आखडलेले नाव; मी वहीच्या शेवटच्या पानावर यादी ठेवली आहे आणि ती आता पुढच्या पानावर गेली आहे.

पाचपैकी चार गुण द्यावेत असे वाटते. एक गुण बंद दाराआडच्या पूर्वार्धासाठी राखून ठेवतो. येलोनाइफमध्ये किंवा कॅनडात अन्यत्र राहणाऱ्या मराठी वाचकांपैकी ज्यांना ही सेवा वापरून पाहायची असेल, त्यांनी फेब्रुवारीतील अर्थसंकल्पी अधिवेशन निवडावे, त्या वर्षीचे मुख्य अंदाज संकेतस्थळावरून उतरवून शेजारी उघडे ठेवावेत आणि एखाद्या दिवसाचा वृत्तांत हाती घेतल्यावर वाचायला सुरुवात शेवटाकडून करावी, कारण पूर्ण समितीचे कामकाज प्रश्नोत्तरांच्या बऱ्याच नंतर, शेवटच्या पानांवर छापलेले असते.