सातव्या पिढीच्या गोल्फ जीटीआयसाठी इंजिन अपग्रेड: काय घ्यावं, काय टाळावं

सातव्या पिढीची गोल्फ जीटीआय मुळात २२० पीएस आणि ३५० न्यूटन मीटरची गाडी. १९८४ सीसीचं तिसऱ्या पिढीचं ईए८८८ इंजिन, त्यावर आयएस२० टर्बो. सुटे भाग मूळचेच ठेवून ईसीयूचं (इंजिनाच्या संगणकाचं) प्रोग्रामिंग बदलणाऱ्या नुसत्या स्टेज १ मॅपने पिकअपमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो, पण लागोपाठ तिसऱ्यांदा पूर्ण थ्रॉटल दिला की तो फरक विरघळायला लागतो. दोष बहुतेक वेळा मॅपचा नसतो, टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या कंपनीच्या इंटरकूलरचा असतो. म्हणून या परीक्षणात सगळ्यात जास्त जागा त्याला दिली आहे.

हिशोब साधा आहे. बाहेरची हवा २५ अंशांची, बूस्ट (टर्बोने दिलेला जादा दाब) १.२ बार आणि कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर टर्बोतून निघणारी हवा १३० अंशांच्या आसपास पोचते. ती इंटरकूलरने खाली आणायची. इनटेक मॅनिफोल्डमध्ये ती ४० ऐवजी ६० अंशांनी पोचली, तर त्याच दाबाला घनता सुमारे ६ टक्क्यांनी घटते. त्याहून मोठा तोटा इग्निशनचा: गरम हवेत नॉकिंग (इंधनाचा अवेळी स्फोट) लवकर सुरू होतं, ईसीयू टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे ओढतो आणि गाडी जड वाटायला लागते.

कंपनीचा इंटरकूलर एसी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधे अडकवलेला असतो. त्या जागी बसणारे बदली इंटरकूलर दोन जातींचे. बार-प्लेट कोअर (कोअर म्हणजे उष्णता सोडणारा जाळीदार गाभा) जड असतो. त्यात धातू जास्त, म्हणून एक-दोन जोरदार धावांत तो भरपूर उष्णता पोटात घेतो, पण एकदा तापला की निवायला वेळ लावतो. ट्यूब-फिन हलका, त्यातून वारा सहज जातो आणि तो लवकर सावरतो. रस्त्यावर अधूनमधून पूर्ण थ्रॉटल देणाऱ्यासाठी बार-प्लेट उत्तम. ट्रॅकवर वीस-वीस मिनिटं गाडी पळवणाऱ्याने चांगल्या बांधणीचा ट्यूब-फिनच घ्यावा, कारण मागच्या रेडिएटरलाही वारा लागतो. अतिजाड कोअर लावून हवा थंड आणि कूलंट गरम, अशी अवस्था झालेल्या गाड्या कमी नाहीत.

विकत घेताना कोअरच्या आकारमानावर भाळू नये. पूर्ण प्रवाहाला आत-बाहेर दाबात किती घट होते, हा आकडा विक्रेत्याकडे मागावा. ०.१ बारच्या आत असेल तर ठीक. घट जास्त असेल तर तोच बूस्ट गाठायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं आणि तो हवा आणखी तापवतो. टाक्या ओतीव आहेत की पत्रा वाकवून जोडलेल्या, हेही पाहावं. तोंडाजवळ काटकोनात वळण असेल तर हवा कोअरच्या एकाच भागातून धावते, बाकीचा कोअर नावापुरता.

बसवताना घाई नडते ती अशी. नव्या कोअरमध्ये ॲल्युमिनियमचा किस राहिलेला असू शकतो आणि तो सरळ इंजिनात जातो. कोअर सॉल्व्हंटने दोन-तीनदा खळबळून, उलट बाजूने दाबाची हवा मारावी आणि खाली पांढरं फडकं धरावं. त्यावर चकाकणारे कण दिसायचे थांबेपर्यंत हे करत राहायचं. जुन्या इंटरकूलरमधून चमचाभर तेल निघालं तर काळजी नको, क्रँककेसची वाफ तिथे साचतेच. कपभर निघालं तर आधी टर्बोचं सील आणि पीसीव्ही (क्रँककेसची वाफ बाहेर काढणारा व्हॉल्व्ह) तपासा. होजच्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात लावावा. कोरडी रिंग दुमडते, क्लिप बसल्यासारखी वाटते आणि पहिल्याच मोठ्या बूस्टला होज निसटतो. शेवटी कोअरच्या कडेच्या फटी फोमने बुजवाव्यात, नाहीतर वारा कोअरमधून न जाता बाजूने पळतो. हे काम दहा मिनिटांचं, पण हमखास राहून जातं.

तपासणी लॉग (गाडीच्या सेन्सरांची नोंद) घेऊनच करावी. तिसरा गिअर, २५०० ते ६५०० आरपीएम, लागोपाठ तीन वेळा. प्रत्येक वेळी इनटेक तापमानाची वाढ १५ अंशांच्या आत राहिली, तर इंटरकूलर कामाचा.

प्लग हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. एनजीकेच्या क्रमांकात आकडा वाढला की प्लग थंड होतो, म्हणजे उष्णता लवकर सोडतो, बॉशमध्ये नेमकं उलट. त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे थेट ताडू नयेत. मॅप केलेल्या गाडीत एक पायरी थंड प्लग आणि ०.६५ ते ०.७ मिमी गॅप ठेवावा. गॅप जास्त असेल तर वाढलेल्या दाबात ठिणगी विझते आणि ४००० आरपीएमच्या आसपास गाडी झटके देते. लोक कॉइल बदलत बसतात. इरिडियमच्या मधल्या टोकावर पट्टी टेकवून गॅप वाकवू नये, ते टोक तुटतं.

मॅपचं परीक्षण डायनोच्या (ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावर होत नाही. चारही सिलिंडरचं टायमिंग करेक्शन, मागितलेला व मिळालेला बूस्ट, लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण) आणि हाय-प्रेशर पंपाचा रेल दाब, एवढं लॉगमध्ये हवंच. एखाद्या सिलिंडरवर एक-दोन अंशांची माघार चालते. चारही सिलिंडर चार-पाच अंश मागे सरकत असतील, तर मॅप त्या इंधनाला पेलणारा नाही. ९८ ऑक्टेनचा मॅप घेऊन ९५ भरणाऱ्याला हे चित्र दिसणारच, मग ट्यूनर कितीही नावाजलेला असो. मॅन्युअल गाडीत स्टेज १ नंतर चौथ्या गिअरला आरपीएम चढतो आणि वेग मागे राहतो, म्हणजे क्लच घसरतोय. त्या वाढीव टॉर्कला मूळचा क्लच अनेकदा पुरत नाही. डीक्यू२५० डीएसजी (दुहेरी क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर गिअरबॉक्सचाही मॅप लागतो, म्हणजे क्लचवरचा दाब वाढतो. तो टाळून फक्त इंजिनाचा मॅप घेणं चुकीचं.

डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप) घ्यायचा तर २०० सेलचा चांगला कॅट (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) असलेलाच घ्यावा. कॅट काढून टाकणं बहुतेक देशांत बेकायदा आहे आणि वासाने गाडीत बसवत नाही. २०० सेलवरही पी०४२० कोड (कॅट नीट काम करत नसल्याचा इशारा) येऊ शकतो, तेव्हा हा भाग मॅप स्टेज २ चा करायचा असेल तेव्हाच.

ओपन फिल्टर टाळावा. मूळ एअरबॉक्स पुढून थंड हवा घेतो, उघडा फिल्टर इंजिन बेची गरम हवा ओढतो. सुस्कारे छान ऐकू येतात, एवढंच. ऑइल कॅच कॅनचा (क्रँककेसच्या वाफेतलं तेल अडवणाऱ्या डब्याचा) विचार मुख्यतः उत्तर अमेरिकेतल्या गाड्यांनी करावा: तिथे फक्त थेट इंजेक्शन आहे, व्हॉल्व्हवर पेट्रोल पडत नाही आणि कार्बन साचतो. दुहेरी इंजेक्शनच्या युरोपीय गाड्यांना त्याची गरज फारच कमी. आणि लावलाच तर थंडीत दर पंधरवड्याला रिकामा करावा, आत पाणीच जास्त जमतं आणि ते गोठलं की क्रँककेसचा दाब तेलाची सीलं बाहेर ढकलतो.