‘अनरूली’ म्हणू की ‘रिकॅल्सिट्रंट’?

मी मराठीतून इंग्रजीत भाषांतरं करतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या प्रगतिपुस्तकांतले शेरे इंग्रजीत करून दिले होते. पाचवीतल्या एका पोराबद्दल बाईंनी लिहिलं होतं, ‘हुशार आहे, पण फार द्वाड. वर्गात आवरत नाही.’ मी ऐटीत ‘रिकॅल्सिट्रंट’ लिहून मोकळा झालो. वडील शब्द शोधूनच शाळेत आले. म्हणाले, ‘आमचा दंगा करतो हो, पण बाईंना उलटून बोलत नाही.’ त्यांचं बरोबर होतं. तिथे ‘अनरूली’ हवं होतं.

कोशात हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी बसतात, सोबत ‘रिफ्रॅक्टरी’, ‘इन्ट्रॅक्टेबल’, ‘हेडस्ट्राँग’ वगैरे मंडळी. सगळ्यांचा अर्थ काय, तर न जुमानणारा. पण नेमका कोण कोणाला जुमानत नाही आणि दोष कोणाच्या पदरात पडतो, हे प्रत्येक शब्दात वेगळं.

‘अनरूली’ म्हणजे शिस्त सुटलेला. मोकळ्या तासाचा वर्ग अनरूली, तेल लावूनही न बसणारे केससुद्धा अनरूलीच. त्यामागे वैर असायलाच हवं असं नाही. म्हणून शब्द सौम्य समजून कुठेही वापरू नका. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१७ च्या नियमावलीत ‘अनरूली’ प्रवाशांच्या तीन पायऱ्या आहेत: शिवीगाळ केली तर तीन महिन्यांपर्यंत विमानबंदी, हात उचलला तर सहा महिन्यांपर्यंत, आणि जिवावर बेतेल असं वागलात तर किमान दोन वर्षं. तरी शब्द बोट ठेवतो ते वागण्यावर, मनात काय आहे त्यावर नाही.

‘रिकॅल्सिट्रंट’ मनावर बोट ठेवतो. मूळ लॅटिन, टाचेवरून आलेलं: मागे लाथ झाडणं. आपला ‘नाठाळ’ याच्या सगळ्यात जवळ. नाठाळ बैलाला जू कळतं, म्हणूनच तो लाथ झाडतो. म्हणजे हा शब्द वापरला की आपण दोन गोष्टी गृहीत धरतो: हुकूम देणाऱ्याला तो हक्क होता, आणि समोरच्याने तो समजून-उमजून धुडकावला. १९९३ मध्ये सिअ‍ॅटलला ‘एपेक’ या आशिया-प्रशांत देशांच्या आर्थिक गटाच्या बैठकीला मलेशियाचे पंतप्रधान महाथीर गेले नाहीत, तेव्हा ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान पॉल कीटिंग त्यांना ‘रिकॅल्सिट्रंट’ म्हणाले आणि दोन देशांत चांगलंच वाजलं. वाजणारच. बरोबरीच्या माणसाला हा शब्द लावला की आपण आपसूक त्याचे मालक होतो.

जाता जाता एक गंमत. वनस्पतिशास्त्रात वाळवून साठवता येणाऱ्या बियांना ‘ऑर्थोडॉक्स’ म्हणतात आणि वाळवल्या की मरणाऱ्यांना ‘रिकॅल्सिट्रंट’. आंब्याची कोय आणि फणसाची आठळी या दुसऱ्या गटातल्या. कोय कलम करणारे कोयी ताज्या असतानाच रुजत घालतात ते उगाच नाही. इथे मात्र हुकूम कोणाचा आणि लाथ कोणाला, ते त्या शास्त्रज्ञांनाच ठाऊक.

‘रिफ्रॅक्टरी’ माणसासाठी वापरायचा मोह टाळा. त्या अर्थाने तो आता जुनाट वाटतो. त्याचा आजचा मुक्काम दवाखान्यात आणि भट्टीत. नीट निवडलेली दोन औषधं पुरेशा मात्रेत देऊनही फिट्स थांबल्या नाहीत, तर ती ‘रिफ्रॅक्टरी’ अपस्मार. पोलादाच्या भट्टीला आतून लावतात त्या विटाही रिफ्रॅक्टरी, कारण त्या प्रचंड उष्णतेतही वितळत नाहीत. मराठीत यासाठी ‘दाद न देणारा’ चपखल बसतो: आजार औषधाला दाद देत नाही, वीट आगीला.

‘इन्ट्रॅक्टेबल’ मात्र माणसापेक्षा प्रश्नाला शोभतो. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न घ्या. १९५६ ची राज्य पुनर्रचना, १९६६ चा महाजन आयोग, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा, आणि गुंता तिथेच. त्याला ‘इन्ट्रॅक्टेबल’ म्हटलं तर बेळगावातही चालेल आणि बेंगळुरातही, कारण दोष कोणालाच दिलेला नाही. एका बाजूला ‘रिकॅल्सिट्रंट’ म्हटलंत की तुम्ही बाजू घेतली. बातमी लिहिणाऱ्याने एवढा एक फरक सांभाळला तरी पुष्कळ.

‘हेडस्ट्राँग’ म्हणजे हेकट. मात्र घरातल्या माणसाबद्दल म्हटला तर त्यात कौतुकाची छटा येते. ‘विलफुल’ त्याचा भाऊ, पण कायद्याच्या कागदात त्याचा अर्थ बदलून ‘जाणूनबुजून’ होतो: रिझर्व्ह बँकेचा ‘विलफुल डिफॉल्टर’ हट्टी नसतो, ऐपत असून पैसे बुडवणारा असतो. मुलाच्या शेऱ्यात हा शब्द नको.

उरला ‘अनगव्हर्नेबल’. रागाला लावला तर कह्यात न राहणारा, एवढंच. पण १९८५ मध्ये ऑलिव्हर टँबो यांनी गोऱ्यांच्या वर्णद्वेषी राजवटीशी लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या वतीने दक्षिण आफ्रिका ‘अनगव्हर्नेबल’ करून सोडा, अशी हाक दिली आणि हा शब्द आवरणाऱ्यांच्या तोंडून निघून ज्यांना आवरायचं होतं त्यांच्या हाती गेला. या यादीतल्या दुसऱ्या कुठल्याही शब्दाची घोषणा करून पाहा, लोक हसतील.

त्या पोराचा शेरा मी बदलून दिला. बाईंनी वाचला, क्षणभर थांबल्या आणि ‘हुशार आहे’ हे वाक्य शेवटी घ्यायला सांगितलं.