घाटात धावायचंय? मोबाइल, बँड की जीपीएस घड्याळ

हिल हाफ मॅरेथॉनचे वेध लागले की साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटात पहाटे नवे चेहरे दिसू लागतात. त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: खिशातला मोबाइल पुरेल, दोन-तीन हजारांचा मनगटावरचा बँड घ्यावा, की थेट जीपीएसचं घड्याळ? माझं मत आधीच सांगून टाकतो. ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत किंवा अजिंक्यतारा किल्ल्यावर रोज चालणाऱ्याला मोबाइल पुरतो. घाटात नेमाने धावणाऱ्याला घड्याळाचा खरा उपयोग होतो, मात्र तो अंतर मोजण्यापेक्षा वेगळ्याच कारणांसाठी. जीपीएसच्या आशेने बँड घेणाऱ्याची बहुतेक वेळा निराशाच होते.

बँडचं आधी उरकू. खोक्यावर जीपीएस लिहिलेलं असतं, पण बऱ्याच स्वस्त बँडमध्ये ते ‘कनेक्टेड’ असतं. म्हणजे जागा शोधतो मोबाइल, बँड फक्त ती दाखवतो. मोबाइल घरी ठेवून निघालात तर बँड पावलं मोजतो आणि ठरावीक पावलाच्या लांबीने गुणून अंतर सांगतो. सपाटीवर हे बऱ्यापैकी जमतं. चढावर पाऊल आखूड पडतं, उतारावर लांब, आणि हिशेब बिघडतो. झोप, पावलं, दिवसभराची हालचाल यांसाठी बँड चांगला आहे. त्यासाठी हवा असेल तर जरूर घ्या.

आता मोबाइल. सध्याच्या मोबाइलमधलं जीपीएस कमी दर्जाचं असतं, असा समज आहे. तो खरा नाही. मोबाइलला घड्याळापेक्षा मोठी अँटेना ठेवायला जागा असते, शिवाय उपग्रह कुठे आहेत याची माहिती तो नेटवर्कवरून झटकन मिळवतो, त्यामुळे सुरुवातीला फार थांबावं लागत नाही. रेंज गेली म्हणून जीपीएस बंद पडत नाही, हेही लक्षात ठेवा. ते संदेश सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांकडून येतात, मोबाइलच्या टॉवरवरून नाही. नकाशा आधी उतरवून ठेवला असेल तर रेंज नसलेल्या डोंगरातही तुम्ही कुठे आहात ते कळतं.

मोबाइल बहुतेकदा फसतो तो बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमुळे. पडदा बंद झाला की फोन धावण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपला मागे झोपवतो. मग नकाशावर नागमोडी वळणांच्या जागी सरळ रेघ उमटते आणि धावलेलं अंतर कमी दिसतं. ॲपसाठी बॅटरीचं बंधन काढून टाका, अर्धी तक्रार तिथेच मिटेल. उरलेली अर्धी पावसाची. आपला सरावाचा खरा काळ जुलै-ऑगस्टचा, आणि तेव्हा यवतेश्वरला पाऊस तिरपा येतो. ओल्या पडद्यावर बोट ओळखलं जात नाही, कधी थेंबांनीच बटण दाबलं जातं. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कमरेच्या पट्ट्यात, एवढा बंदोबस्त केला की तो वाटेत बघण्याची सोय संपते.

तरीही पहाटेच्या अंधारात एकट्याने घाट चढणाऱ्याने, विशेषतः मुलींनी, घड्याळ असलं तरी मोबाइल सोबत ठेवावाच. घरच्यांना चालू ठिकाण दिसत राहणं ही मोठी गोष्ट आहे.

घड्याळाकडे येऊ. पहिला फायदा बटणांचा, म्हणून घेताना बटणांचंच मॉडेल बघा. ५० मीटरपर्यंतच्या पाण्याच्या दाबाला टिकणारं असेल तर पावसाची चिंता नाही. ओल्या हातानेही लॅप, म्हणजे प्रत्येक टप्प्याची वेगळी वेळ, घेता येतो. दुसरा फायदा उंचीचा. उपग्रहांवरून काढलेली उंची आडव्या अंतराइतकी भरवशाची नसते, कारण सगळे उपग्रह आपल्या वरच्याच बाजूला असतात. हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर असलेलं घड्याळ चढ जास्त नीट मोजतं. काही मोबाइलमध्येही तो असतो, पण सगळी ॲप्स तो वापरत नाहीत. बॅरोमीटरचाही एक दोष आहे: हवा बदलली की उंची सरकते. ढग दाटून आलेल्या दिवशी कासच्या पठारापर्यंत सायकलने जाऊन आलात तर सुरुवातीची आणि शेवटची उंची जुळेलच असं नाही. बॅरोमीटरचं छोटं छिद्र घामाने-चिखलाने बुजतं, म्हणून घरी आल्यावर घड्याळ साध्या पाण्याने धुवा.

तिसरा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: नाडीचे ठोके. हिल मॅरेथॉनचा मार्ग आधी घाट चढतो आणि मग त्याच रस्त्याने उतरतो. सपाटीवर किलोमीटरला सहा मिनिटांनी धावणारा चढावर साडेसात-आठवर येतो आणि दम मात्र तितकाच लागतो. घड्याळातला वेग बघून तो सहा मिनिटांकडे ओढायला गेला, की वर पोचेपर्यंत पाय संपतात. घाटात वेगाचा आकडा दिशाभूल करतो, ठोके खरं सांगतात. सराव ठोक्यांवर करा आणि वेग घरी येऊन बघा, असं मी प्रत्येक नव्या धावपटूला सांगतो.

आता पंचाईत अशी की मनगटावरचं मापनही पूर्ण भरवशाचं नसतं. घड्याळ हिरवा प्रकाश टाकून त्वचेखालच्या रक्ताचा चढ-उतार वाचतं. डिसेंबरच्या थंडीत मनगटाचं रक्त आटल्यागत होतं, पट्टा सैल असतो, आणि कधी कधी घड्याळ पावलांचा ठेकाच ठोके समजून दाखवतं. सायकलच्या हँडलवर मनगट वाकलेलं आणि हादरत असतं, तिथे तर आणखी गोंधळ. छातीवर बांधायचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत थेट टिपतो, म्हणून तो सरस ठरतो. आणि हा पट्टा ब्लूटूथने मोबाइललाही जोडता येतो. पैसे मोजकेच असतील तर साधारण घड्याळ घेण्यापेक्षा मोबाइल आणि छातीचा पट्टा ही जोडी घाटाच्या सरावाला जास्त उपयोगी पडेल. ॲपला दर थोड्या वेळाने आकडे बोलून दाखवायला लावा, पण फोनच्या स्पीकरवर. फुलांच्या हंगामात कासच्या रस्त्यावर शनिवार-रविवारी गाड्यांची रांग असते, तिथे कानात काही घालून धावू नका.

दोन लहरींवर ऐकणाऱ्या, म्हणजे ड्युअल फ्रीक्वेन्सीच्या घड्याळासाठी जास्त पैसे द्यावेत का? घाटात एका बाजूचं आकाश डोंगर झाकतो आणि कड्यावर आपटून आलेला संदेश किंचित उशिरा पोचतो, त्यामुळे जागा सरकते. दोन लहरी ऐकणारं यंत्र असे उशिरा आलेले संदेश बरेच ओळखतं. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्याने, धुक्यात आल्या वाटेने परत फिरण्याची गरज पडू शकणाऱ्याने, हे पैसे द्यावेत. फक्त धावणाऱ्याला मी आग्रह करणार नाही. या सोयीने बॅटरीही लवकर संपते. म्हणून किती दिवस चालते हे न विचारता जीपीएस चालू ठेवून किती तास चालते ते विचारा.

कोणतंही यंत्र घ्या, शर्यतीत ते हाफ मॅरेथॉनच्या २१.०९७५ किलोमीटरपेक्षा बहुतेकदा थोडं जास्तच दाखवेल. प्रमाणित मार्ग वळणांच्या आतल्या बाजूने, सर्वांत कमी अंतराने मोजतात. आपण वळणं बाहेरून घेतो, वर जीपीएसची थरथर मिळते. आयोजकांशी वाद घालण्याचं काही कारण नाही. क्रीडा संकुलाच्या ४०० मीटरच्या ट्रॅकवर तर जीपीएसवर विसंबूच नका, लॅप हाताने दाबा.

खरेदीआधी दुरुस्तीला कुठे पाठवावं लागेल ते दुकानदाराला विचारा. मनगट बारीक असेल तर घड्याळ घालून हात हलवून बघा, ते हललं तर ठोके चुकणारच.

आणि पहिल्या दिवशी, धावायला बाहेर पडण्याआधी, ॲपमधली गोपनीयता तपासा. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्रावा या व्यायामाच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपच्या सार्वजनिक नकाशावर व्यायाम करणाऱ्या सैनिकांच्या वाटांवरून लष्करी तळ ओळखू आले होते. सातारा लहान गाव आहे. रोज पहाटे साडेपाचला कोणत्या दारातून कोण निघतं आणि घर किती वेळ रिकामं असतं, हे चार रेघांवरून कुणालाही कळू शकतं. घराभोवतीचा भाग लपवण्याची सोय ॲपमध्ये असते, ती चालू करा आणि नोंदी फक्त ओळखीच्या लोकांना दिसतील अशा ठेवा.