साताऱ्यात रोड बाईकचं फिटिंग करायचंय तर इथं करा

रोड बाईक म्हटलं की पाठ धरणारच, हाताला मुंग्या येणारच, सवय झाली की जातं सगळं, असं आपल्याकडं ज्याला विचाराल तो सांगतो आणि मला ते अजिबात पटत नाही. सायकल अंगाला बरोबर बसवली असेल (यालाच फिटिंग म्हणतात) तर यवतेश्वर घाट चढून कासपर्यंत जाऊन आलं तरी मान अवघडत नाही, हे मी आता स्वतः बघितलंय, आणि त्याचं श्रेय या दुकानातल्या दादांना आहे म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

माझी उंची पाच फूट एक इंच. या उंचीच्या बाईला मापाची रोड बाईक मिळणं अवघडच, स्मॉल फ्रेम म्हणून जी मिळाली तिच्यावर हॅण्डल ४२ सेंटीमीटरचं, स्टेम (हॅण्डल सायकलला जोडणारा तुकडा) १०० मिलीमीटरची, क्रँक (जिच्या टोकाला पॅडल असतं ती दांडी) १७० ची. जिथून घेतली तिथं (साताऱ्यातलं नाही ते दुकान) हात पोचत नाहीत म्हटल्यावर सीट पूर्ण पुढं सरकवून दिली आणि झालं म्हणाले. त्यानं हात पोचले, पण सगळा भार तळहातावर यायला लागला, तासाभरात करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर, आणि गुडघ्याच्या मागं ओढ बसायची ती वेगळीच.

इथं दादांनी सायकल ट्रेनरवर (जागेवरच पॅडल मारता येतं अशा स्टँडवर) चढवली आणि हॅण्डलला हातच लावला नाही. म्हणाले, "ताई, सीट हॅण्डलच्या हिशोबानं नाही लावायची, पायाच्या हिशोबानं लावायची. हॅण्डल आपण नंतर तुमच्याजवळ आणू." मला वाटतं पूर्ण फिटिंगचं सार या एका वाक्यात आहे आणि बऱ्याच ठिकाणी हे नेमकं उलटं करतात.

मग भिंतीला टेकून उभं केलं, पायांमध्ये जाड पुस्तक वर दाबून धरायला लावलं आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत माप घेतलं, ७२ सेंटीमीटर. त्याला ०.८८३ नं गुणायचं, सायकलपटू ग्रेग लेमाँडच्या नावानं ओळखली जाणारी जुनी पद्धत आहे ही, येतं ६३.६, आणि ते अंतर क्रँक ज्या आसाभोवती फिरते त्याच्या मध्यापासून सीटच्या वरच्या भागापर्यंत धरायचं. माझी सीट त्याच्यापेक्षा जवळजवळ दोन सेंटीमीटर वर होती! दादा मागं उभे राहून बघत होते, पॅडल खाली गेलं की माझी कंबर दोन्ही बाजूला हलत होती, पाय पुरत नसला की असं होतं आणि गुडघ्याच्या मागची ओढ त्यातूनच येते. (गुडघ्याच्या पुढून दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली असते, हे पण त्यांनीच सांगितलं.) पण गणितावर सोडलं नाही, पॅडल खाली असताना गुडघा सरळ रेषेपासून किती वाकतो तो कोन मोजला, तो २५ ते ३५ अंशांत बसेपर्यंत थोडं थोडं वरखाली केलं आणि शेवटी ६४ वर थांबले.

यानंतर सीट मागं घेतली. क्रँक आडवा ठेवून गुडघ्यापासून दोरीला नट बांधून सोडला, गवंडी ओळंबा सोडतात तसा, आणि तो पॅडलच्या आसाशी कुठं येतो ते बघितलं. हा नुसता सुरुवातीचा अंदाज आहे, नियम नाही असंही स्पष्ट बोलले, ते मला आवडलं. सीटचं टोक खाली झुकवलेलं होतं ते सपाट केलं कारण झुकलेल्या सीटवरून आपण पुढं घसरतो आणि मग हातांनी स्वतःला मागं रेटत बसतो.

आता हॅण्डल. स्टेम ८० ची टाकली आणि उलटी करून लावली म्हणजे हॅण्डल थोडं वर आलं, हूड (ब्रेकच्या लिव्हरवरचा हात ठेवायचा भाग) किंचित आत वळवले. आणि ज्याबद्दल मला खरंच मनापासून सांगायचंय ती गोष्ट म्हणजे ब्रेकच्या लिव्हरचा छोटा स्क्रू. लिव्हर हाताच्या जवळ आणायला आजकालच्या बऱ्याच लिव्हरना तो दिलेलाच असतो, बहुतेकांना माहीत नसतो. लहान हाताच्या माणसानं घाट उतरताना दोन बोटं ताणून ब्रेक धरणं म्हणजे धोकाच आहे, आणि त्या वळणांवर वडापच्या जीपा कशा येतात ते सातारकरांना सांगायला नको. दोन मिनिटांचं काम, पण घाट उतरताना आता मी निवांत असते. स्टेमचे बोल्ट टॉर्क रेंचनं ५ न्यूटन मीटरला आवळले, नुसत्या हाताच्या अंदाजानं नाही.

टायरमध्ये मी १०० पीएसआय हवा भरायचे, माझ्या वजनाला २८ मिलीमीटर रुंदीच्या टायरमध्ये ६५ च्या आसपास पुरे म्हणाले, त्यानंही हादरे बरेच कमी झाले.

कमी काय तर माझ्या ४२ च्या जागी घालायचं अरुंद, ३८ चं हॅण्डल त्यांच्याकडं नव्हतं, मागवलं आणि यायला फार वेळ लागला, मध्ये दोनदा फोन करावा लागला. बसायला जागा नाही, दुकान लहान, फिटिंग चालू असताना पंक्चरवाले येत राहतात आणि दादा एकटेच, त्यामुळं दोन तास लागले. क्रँक १६५ ची टाका असं सुचवलं पण आत्ताच घ्या म्हणून मागं लागले नाहीत, आधी या सेटिंगवर महिनाभर चालवा म्हणाले. घेतली की सीट ५ मिलीमीटर वर करायची हेही सांगून ठेवलंय.

फिटिंगचे १२०० घेतले, स्टेम आणि हॅण्डलचे वेगळे, आणि सगळी मापं कागदावर लिहून दिली, नंतर सर्व्हिसिंगला कुणी सीट काढली तरी परत तिथंच बसवता येते. थोडं चालवून झाल्यावर परत नेली तेव्हा सीट जराशी मागं घेतली, त्याचे पैसे घेतले नाहीत. जाताना सायकलिंगचे बूट आणि शॉर्ट घेऊन जा, जीन्सवर माप नीट येत नाही, आणि फोन करून सकाळचीच वेळ घ्या, संध्याकाळी खूप गर्दी असते.